डावीकडचा राजा

मंगळाच्या वाटेवर ‘मंदाकिनी’ यानात माणसं दोनच होती. हेमांगी केळुसकर गणिती, केरसी दुमासिया अणुभट्टीचा अभियंता. जेवणानंतर दोघं ब्रिजचा डाव मांडत. विरुद्ध बाजूचे दोन्ही भिडू म्हणून यानाचं नियोजकयंत्र खेळे. त्याचं नाव सूत्रधार.

त्या दिवशी हेमांगीनं चार इस्पिकांची बोली जिंकली होती. म्हणजे तेरापैकी दहा हात करायचे. केरसीची पानं पडद्यावर उघडी पडली होती.

“खात्रीचे आठच दिसतात,” केरसी म्हणाला. “बुडालो आपण.”

“बदामचा राजा डाव्या भिडूकडे असेल तर नववा होतो.”

“आणि नसेल तर?”

“तर काहीही केलं तरी बुडालोच. मग त्या शक्यतेचा विचार कशाला? राजा डावीकडेच आहे असं धरायचं. पण एकदा तसं धरलं, की त्याच्या मागून जे येतं तेही धरावं लागतं. डाव्या भिडूनं सुरुवातीला पास दिला, बोली लावलीच नाही. चौकटचे एक्का, राजा, गुलाम त्याच्याकडे निघाले. त्यात हा बदामचा राजा. वर किलवरची राणीही असती, तर एवढी पानं घेऊन तो गप्प बसला असता का?”

“नाही.”

“म्हणजे राणी उजवीकडे. तिला तिथंच गाठायची, दहावा हात!”

“सूत्रधारलाही तू हेच शिकवलंस ना?”

ती उत्तर देणार तोच यानाला हादरा बसला. दिवे मालवले, परत लागले. भट्टीचं तापमान चढू लागलं.

काहीतरी येऊन आदळलं होतं. भट्टी थंड ठेवणाऱ्या शीतकाच्या दोन नळांपैकी एक फुटला होता, पण कोणता ते कळेना, कारण नळांवरचे सगळे संवेदक मेले होते. संदेशांचा आकाशकही तुटला होता. त्यामुळे डावीकडून समांतर चाललेल्या ‘रोहिणी’ या जोडयानाशी बोलणं बंद पडलं. रोहिणीवर केरसीची बायको खोर्शेद होती, डॉक्टर म्हणून.

सूत्रधारचा आदेश आला: डावा नळ बंद करा.

“डावा फुटलाय तर!” केरसीच्या जिवात जीव आला. तोटी हातानंच फिरवावी लागणार होती. तो भट्टीच्या कक्षाकडे गेला.

हेमांगी मात्र पडद्याकडे वळली. संवेदक नसताना यंत्राला कळलं कसं?

“सूत्रधार, गळती डावीकडे आहे हे तुला ठाऊक आहे?”

“नाही. उजव्या नळाची तोटी भट्टीच्या भिंतीआड आहे, तिथं पोचता येत नाही. गळती उजवीकडे असेल तर बचाव नाही. म्हणून डावीकडे धरली.”

पुढचा प्रश्न विचारू नये असं तिला वाटलं. तरी तिनं विचारला.

“मग त्याच्या मागून काय येतं?”

“डावा नळ फुटला असेल तर आघात डावीकडून झाला. या कक्षेत उल्का येतात त्या उजवीकडून. डावीकडे दुसरं काहीच नाही. फक्त रोहिणी. ती फुटली असेल तरच तिचे तुकडे इथवर येतील.”

हेमांगीनं हिशेब पुरा केला. आपण जगायचं असेल तर खोर्शेद मेलेली असायला हवी. काय मागावं? केरसीला हे सांगितलं आणि त्याचा हात थांबला, तर? तिनं सांगितलं नाही.

“केरसी, फिरवलीस?”

“फिरवतोय.”

तोटी काही जड नव्हती, सरावात त्यानं ती कितीदा झटक्यात फिरवली होती. आज त्याला वेळ लागत होता. तापमानाचा आकडा लाल झाला.

“केरसी! लवकर!”

अखेर तोटी बसल्याचा आवाज आला.

आकडा जरा वेळ तिथंच थरथरला आणि उतरू लागला. गळती डावीकडेच होती. ते वाचले होते. हेमांगीला हुंदका फुटला. तो सुटकेचा होता की भीतीचा, हे तिचं तिलाही कळलं नाही.

केरसी दारात आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हेमांगी त्याच्याजवळ गेली.

“केरसी, ऐक. रोहिणी...”

“तुझ्यासमोर बसून इतके डाव खेळलो,” तो हळूच म्हणाला. “वाटेतच हिशेब लागला मला.”

“मग तोटी...”

“फिरवली. तू होतीस ना यानात.” त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. “पण फिरवताना देवाला, माझ्या खोदायजीला, एकच विनवत होतो, गळती उजवीकडे निघू दे.”