जलकर्णाचा शून्यस्वर

जांभळगिरी शहराच्या पाणीपुरवठा नियंत्रण कक्षातली भिंत पाहायला दोन मंत्री येऊन गेले होते. भिंतीवर सगळ्या शहराचा नकाशा होता आणि नकाशावर अकरा हजार हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे जमिनीखालच्या नळाला चिकटवलेला एक श्रवणबिंदू. या सगळ्या बिंदूंचं मिळून जे यंत्र झालं होतं, त्याला डॉ. निमिष उपासनी यांनी ‘जलकर्ण’ असं नाव ठेवलं होतं. आज त्या भिंतीसमोर शहराचे नऊ श्रावक हातात पाकिटं घेऊन उभे होते. पाकिटात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी इक्बालभाई मुजावरांनी आपलं पत्र दोनदा वाचलं.

श्रावक म्हणजे नळाला पोलादी सळई टेकवून, सळईला कान लावून जमिनीखालची गळती शोधणारी माणसं. तेजश्री खैरमोडे त्यांची प्रमुख. सव्वीस वर्षांत शहरातला एकही रस्ता असा नव्हता, जिथे ती गुडघ्यांवर बसली नव्हती. निदान तिची तशी समजूत होती.

“रागावू नका, खैरमोडेबाई,” उपासनी म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण वाईट बातमी सांगताना घड्याळाकडे पाहायची त्यांना सवय होती. “महिनाअखेरपर्यंत तुम्ही सगळे नोकरीतच आहात. फक्त कामावर यायचं नाही.”

“रागाचं राहू द्या, साहेब. हा ऐकतो कसा, तेवढं सांगा. आपल्या जागी कोण आलंय ते तरी माणसाला कळावं.”

उपासनी खुलले. यंत्राबद्दल कुणी विचारलं की ते नेहमीच खुलत.

“सोपं आहे. गळती म्हणजे काय, हे जलकर्णाला माहीतच नाही. त्याला फक्त फरक कळतो. बसवल्यावर पहिले चाळीस दिवस त्याने प्रत्येक नळ अखंड ऐकला. पाणी सुटतानाचा आवाज, बंद होतानाचा, सणावाराचा. त्यातून प्रत्येक नळाचा नेहमीचा आवाज ठरला. तो त्याचा शून्यस्वर. पुढे आवाज त्यापासून हलला, मग चढो की उतरो, की ठिपका लाल. आठ महिन्यांत तीनदा लाल झाला, आणि तिन्ही वेळा गळती निघाली.”

“आणि एखादा नळ त्या चाळीस दिवसांच्या आधीच फुटलेला असेल तर?”

“तर फुटका आवाज हाच त्याचा शून्यस्वर होईल. तसं होऊ नये म्हणून तर आधी तुमचा दाखला घेतला. ‘सर्व नळ ऐकले, गळती नाही.’ खाली सही तुमचीच आहे.”

सही तिचीच होती. तेजश्रीने सळई भांडारात जमा केली आणि ती घरी आली.

नोकरी गेल्याचं दुःख माणसाच्या पोटात असतं म्हणतात. तेजश्रीचं कानात होतं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरच्या पिंपाचा थेंब थेंब गळणारा नळ, सगळं ऐकू यायचं आणि त्याचं करायचं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर जाऊन कुणी न सांगता त्या नळाचा वायसर बदलून आली. परत आल्यावर मात्र पलंगावर बसून पोटभर रडली.

तिचं घर माळटेकडीवर. टेकडीवर नळ होते, पण पाणी टँकरचं. शेजारच्या पारूताईंनी रांगेत तिला गाठलंच.

“काय गं, सव्वीस वर्षं पाणीखात्यात काढलीस आणि हंडा घेऊन माझ्याच मागे उभी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?” बाया हसल्या, तेजश्रीही हसली. मग पारूताईंनी फोनवरची बातमी वाचून दाखवली, शहरातली गळती आता फक्त दोन टक्के. “मग बाकीचं अठ्ठ्याण्णव कुठं जातं म्हणते मी?”

तेजश्रीचं हसू थांबलं. साहेबांचं उत्तर तिला पाठ होतं: टेकडी उंच आहे. पण पाच वर्षांपूर्वी याच टेकडीवर तिच्या घरात दोन तास पाणी यायचं, आणि टेकडी काही त्यानंतर उंच झाली नव्हती.

घरी येऊन तिने डोळे मिटले आणि एकेका रस्त्याचा आवाज आठवायला घेतला. कापड बाजार, खोल आणि भरीव. स्टेशन रोड, थोडा किरटा. जुनी पेठ, पत्र्यासारखा. तासाभराने ती एका ठिकाणी अडली. बर्फगल्लीचा आवाज तिला आठवेना. तिने इक्बालभाईंना फोन लावला.

“बर्फगल्ली आपण कधी ऐकलीय?”

“तिथं काय ऐकायचंय? बर्फाचा कारखाना. त्याच्या घरघरीत स्वतःचं नाव ऐकू येत नाही. आमच्या उस्तादांनी शिकवलं, तिथं ‘ठीक’ लिहायचं अन् फुडं जायचं. मी तुला शिकवलं, तू पोरांना.”

“इक्बालभाई, कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली.”



रविवारी दुपारी, शहर जेवून आडवं झालेलं असताना, तेजश्री बर्फगल्लीत गेली. सळई नव्हती म्हणून शेजाऱ्याची पहार घेतली होती. नळावरच्या झाकणात तिने पहार उभी केली आणि वरच्या टोकाला कान लावला. बंद कारखान्याच्या नळात काही वाहायचं कारणच नव्हतं. आत धबधबा कोसळत होता. पाणी कारखान्याखालच्या जुन्या गटारात जात होतं, म्हणून रस्ता कोरडाच राहिला होता. शरमेने मान खाली जावी आणि आनंदाने उडी मारावी, असं तिला एकाच वेळी वाटलं.

“गप बस,” तिने फोनवर सांगताच इक्बालभाईंनी बजावलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची. दाखला खोटा निघाला तर घरी बसवायच्या ऐवजी बडतर्फ करतील. निवृत्तिवेतन जाईल, इज्जतही जाईल. नऊ जणांची.”

“माझी सही आहे. नऊ जणांची नाही.”

सोमवारी सकाळी तिने उपासनींना सगळं सांगितलं, स्वतःचं काही न झाकता. उपासनींनी भिंतीकडे पाहिलं. बर्फगल्लीचा ठिपका हिरवागार होता.

“जलकर्ण म्हणतो काही नाही.”

“त्याने जन्मापासून तोच आवाज ऐकलाय, साहेब. आणि आम्ही जे रोज कानावर येतं ते ऐकायचंच सोडलं. चूक दोघांची एकच आहे. त्या शाखेवर आज एकही घर नाही. तोंडाशी पाणी बंद करायची चावी आहे, ती फिरवून बघा. मी खोटी ठरले तर पाकीट आजच लागू करा.”

दोघे गेले. चावी गंजलेली होती. उपासनींच्या कोटाला गंजाचे डाग पडले, दोघांनी मिळून जोर लावला, आणि अखेर ती फिरली. तेजश्रीने पहारीला कान लावला. धबधबा बारीक झाला, चिरकला आणि थांबला.

त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन वाजला. महिनाअखेर व्हायची होती, त्यामुळे नियमाप्रमाणे इशारे अजून श्रावकांनाच येत होते.

‘बर्फगल्ली. अतितीव्र गळती. त्वरित पोहोचा.’

उपासनींनी तो मजकूर वाचला, मग तिच्याकडे पाहिलं आणि ते चक्क फुटपाथवर बसले.

“गळती होती तेव्हा हिरवा,” ते हळूच म्हणाले, “आणि थांबली तेव्हा लाल. माझ्याच नियमाने. बाई, शहरात अशा आणखी किती असतील?”

“ते खरी शांतता माहीत असलेलं कुणीतरी पायी फिरल्याशिवाय कळायचं नाही.”

“मग फिरा. सगळे नऊ. शहर स्वच्छ झालं की जलकर्णाला नव्याने चाळीस दिवस ऐकवू. मग पुढची गळती तो धरेल, आणि त्याचं खरंखोटं दरवर्षी तुम्ही तपासाल. पाकिटं परत आणा. दाखल्याचा अहवाल मात्र मला लिहावा लागेल.”

“लिहा. आणि पुढचा दाखलाही माझ्याच सहीचा असू द्या. या वेळी रस्ता ऐकल्याशिवाय मी ‘ठीक’ लिहिणार नाही.”

मंगळवारी सकाळी साडेसहाला उपासनींचा फोन आला. 

“खैरमोडेबाई, घात झाला. माळटेकडी पूर्ण लाल झालीय. एक नाही, दोन नाही, चारशे सहा गळत्या. सगळ्या अतितीव्र. बर्फगल्ली बंद केल्यामुळे दाब वाढून टेकडीचे नळ फुटले असणार. मी मुख्य झडप बंद करतोय.”

“झडपेला हात लावू नका, साहेब.”

तेजश्री दारात उभी होती. गल्लीत वरपासून खालपर्यंत आरडाओरडा चालला होता. पारूताई साडीचा काष्टा मारून पोरांवर ओरडत होत्या, कुणी बादली मागत होतं, कुणी पातेलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले. तिने फोन दाराबाहेर धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत कानाला लावला.

“एकही नळ फुटलेला नाही. जलकर्ण आला तेव्हा टेकडी कोरडी होती, म्हणून कोरडं असणं हाच इथला शून्यस्वर. त्या गळत्या नाहीत, साहेब. चारशे सहा घरांत हंडे भरताहेत.”