एका बंदाची कैफियत

या, श्रोतेहो, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही यावं, आज आवाज चढवायचा नाही. गोष्ट एका भ्यालेल्या माणसाची आहे आणि अशी गोष्ट जवळ बसूनच ऐकावी. तलवारीचे पवाडे पुष्कळ ऐकलेत, आज बोरूचं धैर्य ऐका.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. तिवरगडाच्या दोन्ही माच्या पहाटेच्या धुक्यात बुडालेल्या, वर दिसत होता तो फक्त देवीच्या देवळाचा कळस आणि चोच पुढे काढून बसल्यासारखा गिधाडकडा. पायथ्याशी आपल्याच सरलष्करांची छावणी होती आणि दोन कोसांवर शाही फौजेचे डेरे. सदरेमागच्या कोठडीत किल्लेदार सटवाजी जगदळे पायांत बेड्या घालून बसले होते. चौकीवर पकडलेल्या एका माणसाच्या पागोट्यात पत्र निघालं होतं: अमावास्येस गडाचा दरवाजा शाही फौजेस मोकळा करून देतो. खाली गडाचा शिक्का. सरलष्करांचा हुकूम आला, की सूर्य माथ्यावर येताच किल्लेदाराचा कडेलोट करावा. मेहेर केली ती इतकीच: किल्लेदाराच्या बाजूने जे म्हणणे असेल ते गडाच्या चिटणिसाने एका बंदावर, म्हणजे कागदाच्या एकाच तावावर, लिहून हरकाऱ्याच्या हाती द्यावे. दुसरा बंद जोडू नये.

चिटणीस रखमाजी जन्माचा भित्रा. गडावर तोफ उडाली की तो आधी दौत उराशी धरायचा. आज तर दौतीत बुडवताना बोरू काठावर खडखडत होता.

"रखमाजी, हात कापतोय?" कोठडीच्या गजांमागून किल्लेदारांनी विचारलं.

"जी."

"कापू दे. अक्षर वाकडं आलं तर चालेल. माझ्यापायी खोटं मात्र लिहू नका."

रखमाजीने लिहिलं, की किल्लेदार अकरा वर्षांचे एकनिष्ठ, खाल्ल्या मिठाला जागणारे, देवब्राह्मणांचे कैवारी. मग स्वतःच वाचलं. असं तर प्रत्येक फितुराच्या बाजूने कुणीतरी लिहितंच. गडावर एकादशीला कीर्तनाला उभे राहणारे हरिदासबुवा म्हणत, आधी बोल मांडावा, मग त्याला दाखला द्यावा, मग दाखल्याचा हात धरून पुन्हा बोलाशी यावं. दाखल्यावाचून बोल म्हणजे मृदंगावाचून नाचणं. रखमाजीने कागद चुरगाळला.

दाखला होता. तोच तर त्याला चार दिवस झोपू देत नव्हता.

त्या पत्रावर तिथी होती आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. त्या दिवशी गडावर तलवारींसंगे दौत, लेखण्या आणि शिक्काही देवीपुढे पूजेत मांडतात. हळदकुंकू वाहून गाभाऱ्याला कुलूप घालतात, आणि दसऱ्याची सकाळ होईतो कुणी अक्षर लिहीत नाही. म्हणजे कुणीतरी पूजेतला शिक्का उचलला होता. वर दप्तरी माणसाच्या जन्मखोडीने कागदावर तिथी घालून मोकळाही झाला होता. पण गाभाऱ्याची किल्ली होती रखमाजीच्या कमरेला. ती त्याने त्याच दुपारी घटकाभर दिली होती, गडाचा जमाखर्च पाहणाऱ्या सबनीस कोनेरपंतांना. त्यांनी डोळे वटारले, आणि याने दिली.

तेवढ्यात कोनेरपंतच दारात उभे राहिले. मागे हरकारा येसा नाईक काठीला टेकून वाट पाहत होता.

"काय चिटणीस, पुराण कुठवर आलं?" पंत हळूच हसले. मग कानाशी वाकून म्हणाले, "किल्ली कुणाच्या कमरेची, हे सरलष्करांना कळलं तर पहिला तू जाशील. कडा रुंद आहे, दोघांना पुरेल."

रखमाजीच्या कपाळावरून घामाचा थेंब कागदावर पडला. त्याने तो बाहीने टिपला आणि नवा बोल मांडला:

'किल्लेदार निर्दोष. पत्र नवमीचे; ते दिवशी शिक्का पूजेत, गाभारा कुलुपात, आणि किल्लेदार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साहेबांच्याच छावणीत हजर, हे साहेबांस ठाऊक. पत्रावरील ठसा उन्हात धरोन पाहावा, शाईचे कडेस कुंकू दिसेल. दसऱ्याचे सकाळी शिक्क्याचे अक्षरांत कुंकवावर शाई बसलेली सेवकाने पाहिली. किल्ली सेवकाचे कमरेची. सेवकाने ते दुपारी भिऊन सबनीस कोनेरपंत यांचे हाती दिली, आणि भिऊनच आजवर मौन धरिले. देवीचा गुरव देतेसमयी हजर होता, पुसावे. सबब किल्ली किल्लेदाराकडे नव्हती, शिक्का नव्हता, गडावर ते स्वतः नव्हते. कडेलोट करणे तर त्यांचा न करावा.'

"दाखव," पंतांनी हात पुढे केला.

रखमाजीने घडी घातली आणि पंतांच्या हाताखालून कागद येसा नाईकापुढे धरला.

"कागद मी बघणार, नाईक," पंत म्हणाले.

"हुकमात तुमचं नाव न्हाई, पंत." येसाने घडी पागोट्यात खोवली. "आन् तुमास्नी एवढी घाई का, ते सरलष्कर इचारत्यालच."

सूर्य चढत गेला. रखमाजी कड्याकडे पाठ करून बसला. नाम घ्यावं म्हटलं तर दातखीळ बसलेली. ऊन माथ्यावर यायला वीतभर उरलं असताना सरलष्कर स्वतः गड चढून आले. त्यांनी पत्र उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं. गुरवाला पुसलं. मग बेड्या सटवाजींच्या पायांतून निघून कोनेरपंतांच्या पायांत पडल्या.

किल्लेदारांनी रखमाजीसाठी पदर पसरला.

"त्याची साक्ष खरी," सरलष्कर म्हणाले, "म्हणूनच त्याची चूकही खरी. जीव ठेवला. चिटणिशी ठेवता येणार नाही."

त्याच सांजेला रखमाजी गड उतरला. दरवाजापर्यंत सटवाजी त्याचं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन आले. पुढे खालच्या मुलखातल्या कुठल्याशा देवळात तो हरिदासांच्या मागे टाळ धरून उभा राहत असे, आणि मृदंगावर जोराची थाप पडली की दचकत असे, असं म्हणतात.

तेव्हा बाप्पांनो, आरती फिरेल, हात जोडाल, तेव्हा शूरांची नावं घ्याच. पण शेवटी एक नाव त्या भित्र्या रखमाजीचंही घ्या. त्याची तेवढी आठवण ठेवा.