दाराआडचा मजकूर

मुंबईच्या मुगभाटातल्या त्या घरात पत्र लिहायची पद्धत ठरून गेली होती. हरेश्वरराव पुढारी माणूस. आज सभा, उद्या कलकत्त्याला कौन्सिल, घरी पाय टिकेल तर शपथ. त्यांच्या पत्नी राधाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या माजघराच्या दाराआड बसून सांगायच्या आणि कारकून चिंतामणी ओटीवर लिहून घ्यायचा. सांगून झालं की त्या एकदाच बांगड्या वाजवायच्या. म्हणजे आता लखोटा बंद करा. कलकत्त्याहून उत्तर आलं की तेही दाराकडे तोंड करून वाचायचं.

त्या माघात गाठीच्या तापाने, प्लेगने, राधाबाई बघता बघता गेल्या. थोरले दीर माधवराव यांनी सोनापुरात अग्नी दिला. परतताना ते चिंतामणीला म्हणाले, "हरेश्वराला कळवू नका. साथीच्या कायद्यावर बोलायचंय त्याला. आजारी बायकांना घरातून ओढून नेऊ नका, हे तिथे सांगणारा दुसरा आहे कोण? आत्ता कळलं तर सगळं टाकून येईल."

"आणि सुतक?"

"कानावर पडेपर्यंत त्याला सुतक नाही. तुम्ही तिच्याच नावाने लिहीत राहा."

चिंतामणीला रडू आलं नाही, रागही आला नाही. 'इकडे सर्व क्षेम' असं त्याने लिहिलं आणि पत्र टाकून आला.

उत्तर आलं. आधी कायद्याचा मसुदा, मतं कोणाची मिळतील, आणि मग घरचं: 'लोणच्याची बरणी तांदळाच्या कोठीमागे राहिली म्हणतेस, तर उन्हात ठेव.'

बरणीचं त्याने काहीच लिहिलं नव्हतं. मोलकरीण तुळसाने कोठी सरकवली. बरणी होती.

"मोठ्यानं वाचा की," तुळसा खाली बघत म्हणाली. "नेहमी वाचता तसं."

त्याने वाचलं. वेडेपणा खरा, पण सवय कुठे सुटते?

पुढच्या पत्रात होतं, 'माझी घोंगडी सोबत आहे म्हणून थंडी वाजत नाही, हे वाचून बरं वाटलं.'

ती घोंगडी राधाबाईंच्या अंगावरच सोनापुरात गेली होती.

चिंतामणी तडक माधवरावांकडे गेला. "आता कळवू या. माझ्याच्याने लिहवत नाही."

"भाषण तोंडावर आलंय हो. एवढं होऊ द्या."

भाषण झाल्याचं वर्तमानपत्रात आलं. दुसऱ्या दिवशी तार करायचं ठरलं. त्याआधीच दुपारी, भाषणाच्या आदल्या दिवशी टाकलेलं पत्र आलं. चिंतामणी सवयीने दाराकडे तोंड करून बसला. सकाळपासून त्याची उजवी काख ठणकत होती. लिहून लिहून असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

'उद्या बोलायचं आहे. तयारी झाली. तू आता निघते म्हणतेस, तर खुशाल जा. तिकडे पत्र लिहून द्यायला कोणी नाही म्हणून चिंतामणीला नेऊ का, असं विचारतेस. ने. मी दुसरा कारकून पाहीन.'

त्याने काखेत हात घातला. गाठ सुपारीएवढी होती.

दाराआड एकदाच बांगड्या वाजल्या.

चिंतामणीने दौतीला बूच लावलं.