कळे

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यामुळे सरस्वतीपुरममधल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कुंडीत काही अनोळखी उगवलं की त्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. मी नाव सांगते आणि जरा भावही खाऊन घेते. पण आमच्याच परसात, धुण्याच्या दगडाशेजारी उगवलेल्या तणाचं नाव मला सांगता येत नाही.

त्या जागी आधी अत्तेंचं झुडूप होतं. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई, जमुनाबाई. घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. रंगाची भांडी कधीच मोडीत गेली, पण हुणसूरच्या माहेराहून आणलेलं, निळा रंग देणारं ते झुडूप त्यांनी जपलं होतं. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं; मी त्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. उन्हाळ्यात एका सकाळी पूजेला बसता बसता धुण्याच्या दगडाकडे हात करून त्या म्हणाल्या, "हर्षिता, कळे आलेत, नोडम्मा."

नोडम्मा म्हणजे बघ गं; लाडाने लेकी-सुनांनाही अम्मा म्हणतात. आणि कन्नडात कळे म्हणजे तण. माझ्या माहेरी कन्नडच बोलायचे. सासरची मराठी मी मागाहून पुस्तकांतून शिकले. मी हातमोजे घातले, झुडूप मुळासकट उपटलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

पूजा आटोपून अत्ते परसात आल्या. रिकाम्या मातीकडे पाहिलं आणि आत गेल्या. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. हळूहळू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टर वयाचं कारण सांगतात.

पुढे देवराज मार्केटात पुनीत, माझा नवरा, मोगरा घेताना मला म्हणाला, "फुलं नको, कळे घे. उद्या उमलतील." कळी मला ठाऊक होती. कळा, कळे हे शब्द कधी कानावर पडले नव्हते. अत्ते मला झाडाला आलेला बहर दाखवत होत्या. पुनीतला मी हे सांगितलं नाही. लाज वाटली, आणि भीतीही.

नंतर त्याच जागी हे तण आलं. फोनवरचं अ‍ॅप दर वेळी वेगळं नाव दाखवतं. पुस्तकांत शोधताना मी फुलापाशी अडते, कारण याला कळे येतात, पण उमलत नाहीत. झाडं उजेडाकडे वळतात, हे मी दर वर्षी शिकवते. हे कळे अत्तेंच्या अंधाऱ्या खिडकीकडे वळलेले असतात.

एक कळा मी कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली चिरला. आत पाकळ्या नव्हत्या. आत आणखी एक कळा होता. त्याच्या आत आणखी एक. बोटांना निळा डाग पडला, तो साबणाने गेला नाही.

त्या संध्याकाळी अत्तेंचं अंग पुसताना पाहिलं, तर त्यांचीही बोटं निळी होती. त्या कित्येक महिन्यांत पलंगावरून उतरलेल्या नाहीत.

काल सकाळी तण दिसलं नाही. कुणी उपटलं म्हणावं तर माती जराही हललेली नव्हती.

दुपारी अत्तेंची वेणी घालायला बसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून धीर झाला. म्हटलं, "अत्ते, तुमचं झाड मीच उपटलं. मला तण वाटलं. माझं चुकलं."

मी रडत रडत फणी फिरवत राहिले.

कानामागे फणी अडकली.

केस बाजूला केले. मुळाशी हिरवं, बारीक काहीतरी होतं. वाटलं, खिडकीतून पडलं असेल. चिमटीत धरून ओढलं.

निघालं नाही. त्याच्याबरोबर कातडी वर उचलली गेली.

"कळे आलेत," अत्ते म्हणाल्या. आवाज अगदी पूर्वीचा. "या वेळी राहू दे, अम्मा."

मी केस होते तसे सारखे केले आणि तेवढी जागा सोडून फणी फिरवू लागले.