जुन्या शाळेला न ठेवलेलं पान

खोटं वाटलं तर वाचू नका. पण हे माझ्यासमोर घडलं, आणि त्यात माझाच हात आहे. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. कोरगावच्या पुढे, एवढंच.

साल १९९४. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तो दिवस. सकाळचे अकरा, लख्ख ऊन.

आमचं हायस्कूल मुक्तीनंतर, म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर, दोन वर्षांनी बांधलेलं. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं. वासे वाळवीनं खाल्ले म्हणून ते पाडलं आणि मैदानाच्या पलीकडे नवी स्लॅबची इमारत उभी राहिली.

त्या गळक्या वर्गांत मी एकोणीस वर्षं शिकवलं. नव्या इमारतीत हेडबाईंची खुर्ची माझीच, असं सगळे म्हणत.

ती मिळाली सुलोचनाबाईंना. म्हापशाहून येऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते!

माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे जागा सोडताना जुन्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, पान ठेवतात. विडा, नारळ ठेवायचा आणि 'चल आमच्याबरोबर' म्हणून बोलवायचं. मगच नव्या दारात देवाला हात जोडून गाऱ्हाणं घालायचं. पान ठेवायचं काम सुलोचनाबाईंनी विश्वासानं मला सांगितलं.

गाऱ्हाणं घालणाऱ्या बाबाजींनी विचारलं, "बाई, जुन्या जाग्यार पान ठेवलात मा?"

"ठेवलं."

नारळ माझ्या पिशवीतच होता. म्हटलं, होऊ दे हिची फजिती.

पहिला तास सुरू झाला. सुलोचनाबाई नववीत कविता शिकवत होत्या. मी शेजारच्या वर्गात होते.

आणि...

नववीचा आवाज बंद झाला.

मी डोकावले. मुलं कविता म्हणत होती. चाळीस तोंडं हलत होती. आवाज मात्र नाही.

मग तो आला... मैदानापलीकडून.

पाडलेल्या शाळेच्या रिकाम्या जागेवरून अख्खी नववी कविता म्हणत होती.

सुलोचनाबाई दारात आल्या. चेहरा पांढराफटक. "अहो, मुलं तर माझ्यासमोर बसलीत..."

मला आतून बरं वाटलं, हेही सांगते.

रोज त्याच तासाला तेच. पंधरा दिवसांत त्यांनी बदली मागितली आणि म्हापशाला परत गेल्या.

खुर्ची मला मिळाली. नववीचा तो तासही.

पहिल्याच दिवशी माझाही वर्ग मुका झाला.

संध्याकाळी एकटीनं जाऊन पान ठेवलं. नाक घासलं. "चुकले रे, चल आता आमच्याबरोबर," म्हटलं.

सकाळी ऑफिसचं कुलूप मीच उघडलं. काल ठेवलेला विडा आणि नारळ माझ्या टेबलावर होते...

त्या तासाला पलीकडून कविता आलीच. वर हसणंही. पोटभर हसत होती मुलं. माझ्यासमोर मात्र सगळी गंभीर.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या शेवंतीला बाजूला घेतलं. "शेवंते, खरं सांग. तिथं कोण शिकवतं गे?"

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं.

"तुमीच मा, बाई."

मी तिचा हात घट्ट धरला.

"पण थंय..." ती अडखळली.

"बोल ना!"

"थंय तुमी हसतास."

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बसला जाताना मी मैदान टाळून लांबून जाते. भीती वाटते हो, वाटणारच.

पण मुलांचं ते हसणं कानावर आलं की तिथल्या त्या हसऱ्या मेलीचा हेवाच जास्त वाटतो.