लेस वाली फाइल

"यात माह्या झांजा बुडाल्यासारख्या वाजून राहिल्या," रुक्माबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

केवलरामचं डोकं उठलं होतं. नंदिनीच्या चुनखडी खाणीतून रिटायर झाल्यापासून आम्रपाली रामटेके या खासगी गुप्तहेर बाईंच्या मागे फिरायची त्याला भारी हौस. पण रुआबांधा वस्तीतल्या या घरात नेमका गुन्हा काय, तेच कळेना! नागसेन वारले तेव्हा त्यांच्या भीमगीतांच्या चाळीस टेपा मागे राहिल्या. प्रत्येक टेप एका तासाची, साथीला बायकोच्या, रुक्माबाईंच्या झांजा. मुलगी सुजातानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि झांजा बिघडल्या.

"दुकानदाराले साफ सांगितलं होतं, लेस वालीच फाइल पाहिजे!" सुजाता कडाडली. "लॉसलेस, ज्यातलं काहीच गळत नाही. आली बी तशीच, फ्लॅक. मंग माती कोणं खाल्ली?"

"टेपा कुठं आहेत?" आम्रपालीनं विचारलं.

"फ्लॅक पाहून दीदीनंच भंगारात द्यायले लावल्या," सुजाताचा धाकटा भाऊ अभिनव म्हणाला. तो रेल्वेत नोकरीला होता. "दुकानवाल्या कमलेशनं सगळ्या चाळीस याच पेनड्राइव्हवर दिल्या, एकाच वेळी. मी फक्त हार्डडिस्कवर टाकल्या."

पेनड्राइव्ह चार जीबीचा होता.

दुकानात कमलेश भडकलाच. "एक घंटे की फ्लॅक तीन सौ एमबी की होती है, मॅडम, मेरे को मत सिखाओ! दीदी ने जैसा बोला, वैसा दिया. काम के बाद मैं कुछ रखता नहीं."

"हाच लबाड!" बाहेर येताच केवलराम म्हणाला.

"केवलरामभाऊ, चाळीस गुणिले तीनशे किती?"

"बारा हजार. म्हणजे बारा जीबी." तरी त्याची ट्यूब काही पेटेना.

घरी परतल्यावर आम्रपालीनं सगळ्यांना समोर बसवलं.

"बारा जीबी चारात मावत नाही. म्हणजे पेनड्राइव्हवर फ्लॅक नव्हतीच, लहान एमपीथ्री होती. साइज कमी करताना तिच्यातून झांजांचा बारीक आवाज छाटला गेला. मग कोणीतरी तिचीच फ्लॅक केली. फाइल फुगली, छाटलेलं परत आलं नाही. अन् मधात माणूस एकच होता."

अभिनवची मान खाली गेली.

"पण कमलेशनं एमपीथ्री दिलीच कावून?" केवलराम वैतागला.

"सुजाता, तू त्याले काय म्हटलं? जसंच्या तसं सांग."

"भैया, लेस वाली फाइल देना..." सुजातानं आठवून सांगितलं. "लेस!"

"लेस म्हणजे कमी. त्यानं कमीत कमी साइजची दिली."

सुजाता भावावर उसळली. "तुले दिसलं होतं ना रे! मंग बोलला कावून नाही? तवा टेपा घरातच होत्या!"

"तू लई ओरडते, दीदी," अभिनव रडवेला झाला. "मले वाटलं, फ्लॅक करून दिली तं चिल्लाएगी नहीं."

केवलरामला दोघांचाही असा संताप आला, की तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

रुक्माबाईंना यातलं एमपीथ्री कळलं नव्हतं की फ्लॅक. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग त्या टेपा आता भेटत नाही काय?"