अक्कलदाढेची विचारपूस

"माझी दाढ मला परत द्या."

तोंडात कापसाचा बोळा धरून एखादा पेशंट असं बजावू लागला, तर डॉक्टरने हसावं की रागवावं? डॉ. ऋजुता आगाशे हसली. दोन हजार पाच सालची दिवाळी नुकतीच सरली होती. मांडवीच्या तिच्या छोट्याशा दवाखान्यात त्या दिवशी शुभंकर मयेकर वाट चुकल्यासारखा शिरला होता. तो बोटीवर इंजिनियर. सुट्टीवर आला, अक्कलदाढ ठणकली आणि रस्त्यात पहिली पाटी दिसली ती हिची.

"काढलेली दाढ काय करणार?"

"कौलांवर टाकणार. आईने बजावून पाठवलंय. म्हणजे नवी येते."

"या वयात?"

"ते तुम्ही तिला सांगा. माझी नाही हिंमत."

ऋजुताला मात्र ती दाढ सोडवेना; तिच्या प्रयोगाला अशा काढलेल्या दाढाच लागायच्या. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली नस काढली, की मागे उरलेली पोकळी बुजवावी लागते. नेहमीचा मसाला तिथे नुसता बसून राहतो. ऋजुता बनवत होती तो दाताशी सलगी करणारा, त्याच्यासारखाच थर धरून एकजीव होणारा. निदान तसा तो व्हावा, अशी तिची धडपड होती. दातातल्या ओलाव्यावर तो घट्ट व्हायला हवा. पण दरवेळी आपला लिबलिबीत श्रीखंडासारखा! आणि मुंबईच्या कॉलेजातल्या तिच्या सरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर हे काम बंद. शिकत असल्यापासून उराशी धरलेलं काम...

तिने हे सगळं सांगितलं, तसा शुभंकर विरघळला.

"ठेवा दाढ. पण माझी आहे, मी तिच्या विचारपुशीला येणार हं!"

आणि खरंच यायला लागला की! कधी ओल्या केसांनी, समुद्रावरून थेट. कधी हातात गरम भाजलेल्या काजूंची पुडी.

"कशी आहे आमची अक्कल?"

"बरणीत आहे. तुमच्याकडे होती तेव्हापेक्षा जास्त उपयोगी पडेल."

तो मोठ्याने हसायचा. ती मान खाली घालून काम करायची. कान मात्र सगळे त्याच्याकडे. दवाखाना झाडणारी हौसा एकदा म्हणालीच, "डाक्टरीणबाय, ह्यांची दाढ काढलीत, का ह्यांनाच इथं ठेवून घेतलंत?"

मग एका संध्याकाळी तो आला, पण दाढेची चौकशी केली नाही.

"उद्या निघतोय. बोट लागलीय मुंबईला."

"हो? बरं..." ऋजुता म्हणाली. त्याचीच दाढ तिच्या हातात होती. तिने धुतली, मसाला भरला, उबेच्या पेटीत ठेवली. हात आपले आपण चालले होते. डोळ्यांत पाणी येऊ नये, एवढीच तिची खटपट. तो थोडा वेळ दारात रेंगाळला... आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने सुई टोचून पाहिली. सुई शिरेना! पुन्हा टोचली. मसाला दगडासारखा घट्ट. तिने लगेच सरांना फोन लावला आणि नेमका तेव्हाच, खांद्याला बॅग अडकवून शुभंकर दारात.

"सर, घट्ट झालाय! अगदी घट्ट!"

"काय वेगळं केलंत?" फोनमधला सरांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

ऋजुता आठवू लागली आणि एकदम थबकली. भरण्याआधी दाढ आतून ठणठणीत कोरडी करायची, हा दातांच्या डॉक्टरांचा हातात मुरलेला रिवाज. ती तर वारा मारमारून कोरडी करायची. मग बिचाऱ्या मसाल्याला ओलावा मिळणार कुठून? काल मात्र...

"सर, दाढ कोरडी करायचीच राहिली."

"राहिली? तुमच्याकडून? लक्ष कुठे होतं?"

तिने शुभंकरकडे पाहिलं. थाप मारता आली असती. पण प्रयोगाच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती.

"समोर उभं आहे, सर," ती म्हणाली.

शुभंकरच्या खांद्यावरची बॅग धपकन खाली आली. पलीकडे सर खाकरले. "हं... एकदा जमलं ते धरत नाहीत. आता जाणूनबुजून ओली ठेवून करा. महिनाअखेरचं मी बघतो."

फोन ठेवला तरी ती मान वर करेना.

"ऋजुता," त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "मला तुम्ही फार आवडता. कधीपासून सांगायचं होतं. पण बोट चुकवता येणार नाही हो... परत यायला आंब्याचे दिवस उजाडतील."

"मी कुठे चुकवा म्हणतेय?" ती हसत होती आणि डोळे खुशाल वाहत होते; आता तिने ते पुसलेही नाहीत. "माझं कामही आता कुठे सुरू होतंय. जा तुम्ही. फक्त परत आलात की दाढेचं निमित्त नको. माझ्यासाठी या."